तांब्यावरचा अंगठा

"बाबा, पुन्हा तुमचा हात लागलाय," म्हणत केदारने तांब्याचा बोर्ड वडिलांसमोर ठेवला. सर्किटच्या रेघा एका कोपऱ्यात तुटल्या होत्या. घासून स्वच्छ केलेल्या तांब्याला बोटाचं तेल लागलं, की सर्किट उमटवणारी प्रिंटरची शाई तिथे धरत नाही.

निवृत्तीनंतर मुलाच्या घरगुती धंद्यात वडिलांनी एवढंच काम आपलं मानलं होतं: बोर्ड घासायचे, धुवायचे, कडेने धरून वाळवायचे. त्यांनी बोर्ड खिडकीपाशी नेला. शाई सुटली होती तिथे अंगठा उमटला होता, रेष न् रेष स्पष्ट. त्यांनी शेजारी स्वतःचा अंगठा धरला. घासून घासून तो इतका गुळगुळीत झाला होता, की रेशनच्या मशीनलाही ओळखू येत नव्हता.

"हा माझा नाही रे," ते हळूच म्हणाले.

केदारने तो ठसा पाहिला आणि खुर्ची ओढून बसला. "माझाच असेल. पण बाबा, सोमवारपासून घासलेले तयार बोर्ड बाहेरून येणार आहेत. मागच्याच महिन्यात ठरलंय."

"मग तेवढंच सांगायचंस," वडील म्हणाले. "मी आपणहून काम थांबवलं असतं."