पहिलं ऊन पाणी

करोनात देवळाचं दार मिटलं, तशी राहात्यातल्या सत्यशीलाची भाविकांना भाड्यानं द्यायची खोली सुनी पडली. बुकिंग रद्द झाली. विसार परत द्यायचा की पुढं धरायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. नागपूरच्या मंदाताईंचा विसार खोलीतल्या नव्या गीझरात गेलेला. शेवटी तिनंच भीतभीत फोन लावला. “ताई, पैसे खर्चले वो. हप्त्यानं फेडते.” ताई हसल्या. “अगं, मागच्या वर्षी निघताना तू दिलेला लाडवांचा डबा माझ्याकडेच आहे. भांडं रिकामं परत करू नये म्हणतात. माझे पैसे त्यातच घातले समज. देऊळ उघडू दे, डबा घेऊन येतेच.” सत्यशीलानं पदरानं डोळे टिपले. टॉवेल खांद्यावर टाकत नवरा म्हणाला, “घोर गेला! मग आज गीझरच्या पान्यानं आंघोळ करू?” “हात लावाल तर बघा!” ती लटकंच रागावली. “पहिलं ऊन पानी ताईंचं.”