डोंगरातल्या गावाची लोकसंख्या

आलेखातली रेघ शेवटच्या बिंदूपाशी एकदम वर वळली होती. १९५० पासून १९९० पर्यंत ती सारखी खाली उतरत आली होती. पुढे, अजून यायच्या २००० सालापर्यंत आर्याने तुटक रेघ काढून ती थेट पहिल्या आकड्याच्या उंचीवर नेली होती. तिच्या आईने, अरुणाने, पट्टी लावून पाहिली. हात चुकलेला नव्हता. रेघ मुद्दाम काढलेली होती.

शाळेने पाचवीतल्या प्रत्येक मुलाला एकेक गाव नेमून दिलं होतं. आर्याच्या वाट्याला आल्प्समधलं एक छोटं गाव आलं. भूगोल, इतिहास, लोकसंख्या. भूगोल तिने पुठ्ठ्यांचे थर चिकटवून उभा केला होता, शंभर मीटरला एक पुठ्ठा. त्या मापाने, ते राहत होते ते अख्खं सपाट बहरीन दीड पुठ्ठ्यात आटोपलं असतं. इतिहासातही चूक नव्हती. आकडेसुद्धा बरोबर होते. फक्त ती रेघ.

पण अरुणाचं लक्ष धड रेघेतही नव्हतं. पुण्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राची जागा निघाली होती. लग्नाआधी ती तिथेच शिकवायची. विभागप्रमुखांनी फोन करून विचारलं होतं आणि उद्यापर्यंत उत्तर मागितलं होतं. याआधीच्या दोन जागा तिने अशाच जाऊ दिल्या होत्या.

"सलील, उद्या मला त्यांना सांगायचंय," ती म्हणाली.

सलील सोफ्यावर पाय पसरून मॅच बघत होता. शुक्रवारची सुट्टी होती, सित्र्याच्या कारखान्याला नेणारी कंपनीची बस आज नव्हती.

"काय सांगायचंय? आत्ताच तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं. दोन वर्षं फक्त. मग खलास, सगळं गुंडाळून पुणे."

"आलो तेव्हाही दोनच वर्षं होती. आर्या तेव्हा दोन वर्षांची होती. आता दहाची आहे."

"या वेळी नक्की, इंशाल्ला." तो हसला. "आणि तुझे दगड कुठे पळून चाललेत? कोट्यवधी वर्षं थांबलेत बिचारे. अजून दोन थांबतील."

हा विनोद तो दर वेळी करायचा. पहिल्यांदा तीही हसली होती. आता तिला फक्त एवढंच जाणवलं की तिने काही विचारलं की त्याचा आवाज मॅचच्या आवाजात मिसळून जातो, आणि तिचा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

ती आर्याकडे वळली. "ही रेघ वर का गेली?"

"बिकॉज दे आर कमिंग बॅक."

"कोण?"

"गावातली माणसं. सिटीत जॉबला गेलीत ना, ती."

"परत येणार असं पुस्तकात आहे?"

"नो. पण आई, जॉबला तर टू इयर्ससाठीच जातात ना?" आर्याला आईच्या अडाणीपणाचं आश्चर्य वाटलं. "माझ्या क्लासमधल्या नुसरतचे सगळे अंकल रत्नागिरीला परत जाणारेत. आपण पण जाणार. मग लोकसंख्या परत सेम होणार."

सोफ्यावरून सलील मोठ्याने हसला. "शाब्बास! फुल मार्क्स!"

आर्याही खूश होऊन हसली.

अरुणाने खोडरबर उचलला. चाळीस वर्षांचे बिंदू एकाखाली एक समोर होते. त्यातला प्रत्येक बिंदू आधीच्यापेक्षा खाली होता, एकही वर आला नव्हता. दोन वर्षांसाठी म्हणून त्या गावातले लोकही निघाले असतील. घरात कुणीतरी विचारलंही असेल, परत कधी जायचं. तिने तुटक रेघ खोडली. कागदावरचा चुरा तळहाताने बाजूला केला. मग उठून टीव्ही बंद केला.

"अगं, शेवटच्या ओव्हर्स आहेत!"

"उद्या मी त्यांना हो म्हणतेय," ती म्हणाली. "जूनमध्ये मी आणि आर्या पुण्याला जातोय. तुझी दोन वर्षं झाली की तू ये."