पन्ह्याचं पाणी

मालनने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. थेंबात तो अजून पोहत होता. नुसत्या डोळ्यांना पांढरा कण दिसावा एवढासा किडा. पण काचेतून त्याच्या पोटात वेटोळं घातलेली अळी स्पष्ट दिसत होती. अळी हलत होती.

“सर,” ती म्हणाली. “हे बघा.”

नीलकंठ सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली मालन उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्या हाताखाली एकच गोष्ट शोधत होती: धरमपुरीच्या या हिंदी मुलखात नारू कुठल्या पाण्यातून येतो. गाव तिनेच सुचवलं होतं, कारण इथे तिची मावशी राहायची. आज मावशीच्या कुसुमचं लग्न होतं. दोघं काम करत होती त्या शाळेच्या खोलीपर्यंत सनईचे सूर येत होते.

सर वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

“नारूचीच अळी आहे. पाणी कुठलं?”

“थोरल्या बावडीचं, त्या पायऱ्यांच्या विहिरीचं. सर, मांडवात तेच पाणी भरताहेत. स्वयंपाकाचं उकळेल, पण पन्हं कच्च्या पाण्यातच कालवलंय. वऱ्हाड आलं की आधी पन्हं देतील.”

सर ताठ झाले. “एका थेंबावरून निष्कर्ष काढत नाहीत, मालन. आज बोललीस आणि चूक ठरली, तर उद्या खरं सांगितलेलंही गाव ऐकणार नाही. आणखी नमुने बघू. संध्याकाळी मी स्वतः सांगतो.”

“संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं पिऊन झालं असेल.”

सरांनी दुसरी काचपट्टी पुढे ओढली. मालनने चपला पायात सरकवल्या आणि ती पळत सुटली.

जमुनामावशी मांडवामागे पातेल्यात वेलची टाकत होती. वैशाखाच्या उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता.

“मावशी, पन्हं कुणाला देऊ नकोस. पाण्यात नारू आहे.”

मावशीने डाव थांबवला. “नारू पायात असतो गं. तुझ्या काकांना झाला होता, तीन महिने खाटेवर होते. पाण्यात कसा येईल? उष्णतेनं होतो तो.”

“पाण्यातनंच पोटात जातो. मग वर्षभराने पाय फोडून बाहेर येतो.”

“हळू बोल!” मावशीने इकडेतिकडे पाहिलं. “लग्नघरात असलं अभद्र! व्याह्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील, आमच्या माणसांना सडकं पाणी पाजलं? हेच शिकवतात का तुला कॉलेजात?”

पाणी आणणारी बाई घागर उतरवता उतरवता हसली. “यो पाणी तो हमारा बाप-दादा पीता आया, बाई.”

मालनला रडू यायला लागलं. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि दोन्ही हातांनी ते दाबून धरलं. मावशी तिचे हात सोडवू लागली. बायका जमल्या. कुणी म्हणालं, पोरीला ऊन लागलंय.

तेवढ्यात बायका बाजूला सरल्या. नीलकंठ सर सूक्ष्मदर्शक लेकरासारखा छातीशी धरून येत होते. धावल्यामुळे त्यांना दम लागला होता. त्यांनी एक पाट ओढला, त्यावर यंत्र ठेवलं आणि आरसा उजेडाकडे वळवला.

“दुसऱ्या थेंबातही आहे,” ते मालनला म्हणाले. मग मावशीकडे वळले. “जमुनाबाई, माझी विद्यार्थिनी सांगते ते बरोबर आहे. चूक निघाली तर ती माझी. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा. पण आधी एकदा बघा.”

मावशी नाइलाजाने खाली बसली. एक डोळा मिटला. पहिल्यांदा तिला काही दिसेना. सरांनी काच जराशी सरकवली.

“अगं बाई,” ती पुटपुटली. “हालतंय की.”

रस्त्याकडून कुणीतरी ओरडलं, “ओ भिया, बारात नाके पे आ गई!”

मावशी उठली. कुणाशी काही न बोलता तिने पातेलं कलंडलं. केशरी पन्हं मातीत मुरलं. मग आहेराच्या गाठोड्यातून व्याह्यांसाठी आणलेलं कोरं धोतर ओढून काढलं, दुहेरी केलं आणि रिकाम्या घागरीच्या तोंडावर बांधलं.

“घट्ट विणीचं आहे. चालेल?”

“चालेल,” सर म्हणाले. “आज सगळं पाणी असंच गाळा. पुढेही. आणि गाळून झालं की कापड उकळत्या पाण्यात टाका.”

बायका भराभर पाणी ओतू लागल्या. वऱ्हाडाला गूळ आणि गाळलेलं पाणी मिळालं. पन्हं का नाही, असं कुणी विचारलं नाही.

घागरीशी उभ्या असलेल्या मालनजवळ मावशी आली. तिच्या हाताला अजून वेलचीचा वास होता.

“मालू, सकाळी न्हाऊन आल्यावर कुसुमला मीच तांब्याभर पाणी दिलं. या घागरीतलं. न गाळता.” ती थांबली. “काही औषध?”

मालनने सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. नाही.

“सगळ्याच पाण्यात नसतो, मावशी. कदाचित नसेलही.”

“कळणार कधी?”

“पुढच्या वैशाखात.”

मावशीने पदर डोक्यावरून घेतला आणि ती वऱ्हाडाला सामोरी गेली.

मालन आतल्या खोलीत गेली. कुसुम भिंतीला टेकून बसली होती. तिच्या पायांवरची मेंदी नुकतीच खरडून काढली होती. मालनला पाहताच तिने हसत दोन्ही पाय पुढे केले.

“बघ ना मालू, कसा रंग चढलाय?”

मालन खाली बसली. तिने कुसुमचं पाऊल हातात घेतलं, आणि घोट्यापासून बोटांपर्यंत ते नीट पाहू लागली.