पोवळ्याला ताण
रामाकोना गावातल्या माहेराहून दहा दिवसांनी परतले, तर फिशटँकमधल्या माझ्या कोरलचं, त्या जिवंत पोवळ्याचं, मांस झडून पांढरा दगड उघडा पडलेला. “खाणं देत होते ना तुम्ही?” “ताण देऊन राहिलो,” नवरा म्हणाला. “संत्र्याचं पाणी तोडलं का बहार फुटते, तसं.” “झाडाच्या खोडात साठा असते! याच्या पोटात काय हाये?” कोरलची जात दुकानदारालाही सांगता आली नव्हती, पण सावलीतल्या बाजूला त्याचं एक इवलं तोंड उघडं दिसलं. मग रोज टँकवर चादर टाकून अंधार केला न् ड्रॉपरनं झिंग्याचा रस पाजला. अकराव्या दिवशी नारिंगी फुलं उमलली. उजेडावर नाही, घासावर जगणारं सन कोरल! नवऱ्यानं शेजारी गोळा केले. “पाहा, ताण दिला तं बहार आला!” ड्रॉपर माझ्या हातातच होता. दुपारी नवऱ्याचं ताट पालथं घातलं. “महिनाभर तुम्हालेही ताण. मग पाहू काय फुटते.”