मागच्या गाडीचा ब्रेक

“बाबा, जी गाडी भंगारात चालली, तिला ब्रेक कशाला हवा?” दोरखंडाची गाठ आवळीत प्रीतमने विचारले. “पुढची थांबली की मागची थांबणारच ना! जाते कुठे?”

दशरथराव जुन्या व्हॅनमध्ये चालकाच्या जागी स्थानापन्न झाले होते. त्यांनी काच खाली केली. “दोरी ओढूक कामाची रे. थांबवूक नाय.”

व्हॅनचे इंजिन चार महिन्यांपूर्वीच निकामी झाले होते. तथापि दोनच दिवसांमागे दशरथरावांनी मेकॅनिक विशालला बोलावून तिचे ब्रेक नवे करून घेतले होते. सारी इमारत हसली होती. शेजारची शकुमावशी तर जिन्यातून ओरडली होती, “मेल्याक नवीन चष्मो!”

आज दसरा होता. प्रीतमच्या नव्या कोऱ्या गाडीला झेंडूचे तोरण शोभत होते. त्याच्या आईच्या, रुक्मिणीबाईंच्या, माहेरच्या रीतीप्रमाणे पूजेचा नारळ फोडला नव्हता. पहिले वर्षभर तो गाडीतच राहून गाडीचे रक्षण करतो, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती. म्हणून तो ताम्हनात घालून स्टिअरिंगच्या बाजूला, काचेपाशी प्रतिष्ठापित करण्यात आला होता.

पूजेनंतर दशरथरावांनी लेकाकडे एकच गोष्ट मागितली होती. “दुसरी चावी माझ्याकडे ठेव. कधीमधी चालवीन.”

तीस वर्षे कंपनीची बस चालवलेल्या माणसाने हात पुढे केला होता. प्रीतमने चावी खिशात घातली. “बाबा, राग मानू नका. तुमचा पाय कायम ब्रेकवर असतो. अशाने गाडी चालत नाही. तुमचं ड्रायव्हिंग झालं आता.”

दशरथरावांनी हात मागे घेतला होता. “बरा,” इतकेच ते म्हणाले होते.

दोन्ही गाड्या निघाल्या. पुढे प्रीतम आणि शेजारी रुक्मिणीबाई, मागे दोरखंडाच्या टोकाला दशरथराव. पार्कसाइटच्या वस्तीतून खाली हमरस्त्याकडे जाणारा उतार सुरू झाला. पेट्रोल वाचावे म्हणून प्रीतमने गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. आरशात पाहिले, तो वडील स्टिअरिंगला बिलगून बसलेले.

“बघ गं आई, विमान चालवल्यासारखे बसलेत!”

“हसू नको रे त्यांना. पुढे बघ!”

वळणावर ताम्हन कलंडले. प्रीतमच्या पायांशी काहीतरी धप्पकन आपटले. तो अजून आरशातच पाहत होता.

पुढच्या क्षणी त्याने ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेक दबेना. त्याने पुन्हा जोर लावला. ब्रेक दगडासारखा जागच्या जागी. गाडीने वेग धरला. उताराच्या पायथ्याशी, चौकात, झेंडूच्या टोपल्या पुढ्यात घेऊन सात-आठ बाया बसल्या होत्या. त्यांच्याभोवती गिऱ्हाइकांची दाटी होती. प्रीतमने हॉर्नवर तळहात दाबून धरला. त्याला दुसरे काहीही सुचेना.

“अरे, थांबव! थांबव रे!” रुक्मिणीबाई किंचाळल्या.

इतक्यात गाडीला एक जबर हिसका बसला. मागोमाग दुसरा. गाडी कण्हल्यासारखी करकरली, मंदावली आणि पहिल्या टोपलीपासून हातभर अंतरावर निश्चल उभी राहिली. फुलवाली उठून उभी राहिली आणि तिने प्रीतमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. प्रीतमला ते अमृतासमान वाटले.

त्याने खाली वाकून पाहिले. ब्रेकच्या पेडलखाली नारळ रुतून बसला होता. त्याने तो ओढून काढला.

“बघितलंस?” रुक्मिणीबाईंनी नारळाला नमस्कार केला. “तुझ्या पायाशी धावून आला. यानेच राखलं आपल्याला!”

एरवी प्रीतमने वाद घातला असता. परंतु ब्रेक लागला नव्हता आणि गाडी थांबली होती, या दोन्ही गोष्टी त्याने स्वतः अनुभवल्या होत्या. त्याचे डोळे भरून आले. आईला गाडीतच बसवून, नारळ छातीशी धरून, तो वडिलांना ही वार्ता सांगण्यास धावला.

“बाबा! नारळाने वाचवलं! गाडी आपोआप थांबली!”

मधला दोरखंड तारेसारखा ताठ ताणलेला होता. व्हॅनच्या मागे, वर उतारावर दूरपर्यंत, रस्त्यावर टायरचे काळे पट्टे उमटले होते. जळक्या रबराचा उग्र दर्प सुटला होता.

प्रीतमने व्हॅनचा दरवाजा उघडला. दशरथराव पाठ सीटला रेटून, जवळजवळ उभेच राहिले होते. त्यांचे दोन्ही पाय ब्रेकवर होते. त्यांनी नारळाकडे पाहिले नाही.

“हँडब्रेक ओढलंस मां?” त्यांनी धापा टाकीत विचारले. “मगे मी पाय काढतंय.”

प्रीतमच्या हातात नारळ होता, खिशात दुसरी चावी होती, आणि हँडब्रेक ओढलेला नव्हता.