तुंगाबाईंचा हिशेब

“नारळ बाहेर फोडा, अक्का! याला पाण्याचा थेंब चालत नाही!” मशीन बसवायला आलेला वादिराज कन्नडमध्ये ओरडला.

तुंगाबाईंचा उचललेला हात तसाच राहिला. यशवंतपूरच्या या उदबत्तीच्या कारखान्यात चोवीस वर्षं त्या पुडे भरत होत्या. आलेल्या प्रत्येक यंत्रापुढे, अगदी वजनकाट्यापुढेही, त्यांनीच नारळ फोडला होता. आजवर एकाही यंत्राने तक्रार केली नव्हती.

मुकाट्याने त्यांनी पायरीवर, कोरड्या नळापाशी नारळ फोडला. बोअरवेल फेब्रुवारीतच आटली होती. टँकर दिवसाआड यायचा, तोही अर्धा. नारळाचं पाणी सांडू न देता वाटी सांभाळत त्या आत आल्या, तर मशीन सुरूही झालं होतं. पुडे सपासप भरून बाहेर पडत होते आणि तीस बायका हळदीकुंकवाला आल्यासारख्या ओळीने उभ्या राहून बघत होत्या.

“छान आहे हो, साहेब,” तुंगाबाई मॅनेजर रत्नाकरला म्हणाल्या. पुण्याचा हा मुलगा कारखान्यात मराठी बोलतो, याचं त्यांना भारी कौतुक. “आमच्यातलं कोण चालवणार?”

रत्नाकर बुटांकडे बघत राहिला. “कोणीच नाही. एक तारखेपासून पॅकिंग बंद. म्हणजे, पॅकिंग चालू. तुम्ही बंद.”

“का? काम वाईट होतं आमचं?”

“काम फर्स्ट क्लास. पाणी परवडत नाही. प्यायला, काळे हात धुवायला, बाथरूमला, माणशी रोज एकशेवीस लिटर. तुमच्या वहीवरूनच रिपोर्ट गेला, अक्का. हेड ऑफिसने तेवढंच वाचलं.”

पाण्याचा हिशेब लिहायला वही त्यानेच दिली होती, मार्चमध्ये. आठवडाभर त्यांनी बादल्या मोजल्या होत्या.

“एकशेवीस? मी साठ लिहिले होते.” तुंगाबाई म्हणाल्या. “तेही वाढवून, साहेब. लागायचे तीसच. म्हटलं, स्वल्प जास्त लिहावं. रोज टँकर यावा म्हणून.”

रत्नाकरने मान वर केली.

“साठाचे एकशेवीस मी केले, अक्का,” तो म्हणाला. “रोज टँकर यावा म्हणून.”

तुंगाबाईंच्या हातातली वाटी हिंदकळली.

“अक्का, लांब! लांब!” वादिराज ओरडला.

दोघंही घाईघाईने मागे सरकले.