सुपातले खडे

"भाजीवर तुपाची धार सोड गो, नायतर तिचा गुण डोळ्यांपर्यंत पोचत नाय," असं वत्सलाबाईंची आई म्हणायची. आता वत्सलाबाईंचा मुलगा सुशांत प्रयोगशाळेत तोच गुण औषधाच्या अतिसूक्ष्म नॅनोकणांत भरतो, तुपाशिवाय अंगी लागावा म्हणून. दर रविवारी तो त्यांच्या लालबागच्या खोलीत येतो, आईचे डोळे त्या औषधाने सुधारले का बघायला सुपात तांदूळ घालून निवडायला देतो. खडे राहून जातात, मग तोच गप्पा मारत निवडायला बसतो. एरवी त्या रेडिओलाच उत्तरं देतात. आज खडे बघून तो खचला. "नाही जमलं आये. हे काम सोडतो मी." त्याच्या कानामागचा पहिला पांढरा केस त्यांना लख्ख दिसला. "सोडू नको रे बाबा," त्या म्हणाल्या, "गणपतीपासून सगळं दिसतंय मला. खडे मीच मुद्दाम ठेवते. दिसतंय म्हटलं असतं, तर तू आला असतास का?"